चार मागांचं घर

मी मोठ्यानं बोलतो म्हणून हसता होय? याच आवाजापायी बाहत्तरच्या दुष्काळानंतर आमच्या सोलापूरच्या घराला कारखान्याची घरपट्टी लागली.

महापालिकेचे साहेब मोजमापाला येणार कळताच वडिलांनी घरातले चारही यंत्रमाग बंद केले, वर गाद्या रचल्या. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. साहेब आत आले, तर जन्मभर खडखडाटात बोललेले वडील त्यांच्या कानाशी ओरडले, "हितं माग न्हाईत की साहेब. आमी नुसतं राहतोय."

आतून अम्मा त्याहून मोठ्यानं, "चहात साखर किती घालू?"

साहेबांनी हसत कागदावर 'कारखाना' लिहिलं आणि तेवढ्याच आवाजात ओरडले, "दोन चमचे, अम्मा. आमच्याबी घरी सहा माग हायेत."