मराठी चार, इंग्रजी आठ

सुमनवहिनी, सोसायटीतली मंडळी, आणि ऑफिसातून मुलुंडपर्यंत आलेले आमचे सहकारी,

मला बोलायला सांगितलंय. जमेल असं वाटत नाही. मी बोलणारा माणूस नाही, प्रयोगशाळेत माती चाळणारा आहे. सदानंद माती आणायचा, मी चाळायचो. गेल्या मंगळवारी तो हार्ट अटॅकने गेला. त्याचं टेबल अजून कोणी आवरलेलं नाही.

सदानंद अंटार्क्टिकाला जाऊन आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. याच हॉलमध्ये त्याने स्लाइड्स दाखवल्या होत्या. त्याची आई पुढेच बसली होती. म्हणाली, "बरफ बघूक इतक्या लांब कित्याक गेलंस? गोळेवालो खालीच उभो असता." सगळे हसलो. तोही हसला.

पण तो नुसता बर्फ बघायला गेला होता का? नाही. हिमनदी सरकताना दगडमाती खरवडून आणते, थरावर थर टाकते. त्या थरांवरून बर्फ कधी पुढे आला, कधी मागे हटला, ते कळतं. म्हणून खड्डा खणून प्रत्येक थराची वेगळी पिशवी, आणि पिशवीत थराच्या नंबराची चिठ्ठी. पेन्सिलीने लिहिलेली, कारण तिथे शाई गोठते. काही चिठ्ठ्या मोहिमेतल्या त्याच्या जोडीदाराने लिहिल्या, इंग्रजी आकड्यांत. सदानंदने मराठीत. मी विचारलं, कशाला रे? म्हणाला, "यार, बोटं बधिर झाली ना, की हात शाळेत शिकलेलंच लिहितो."

हे मी त्याला नंतर विचारलं. आधी विचारायला हवं होतं.

एका चिठ्ठीवर इंग्रजी आठ होता. दुसरीवर मराठी चार, थरथरत्या हाताने काढलेला, वरचं तोंड मिटलेला. मी तोही आठच वाचला. दोन्ही पिशव्या एकाच थराच्या समजून एकाच चाळणीत ओतल्या. एक माती काळपट होती. दिसली मला. दिसली, तरी ओतली. घाई होती. कसली घाई? जेवणाची सुट्टी झाली होती, एवढीच.

मिसळलेली माती पुन्हा वेगळी होत नाही. त्याचं त्या खड्ड्यावरचं सगळं काम फुकट गेलं.

मी त्याला सांगितलं. त्याने चाळणीतली चिमूटभर माती हातात घेतली. "वाट लागली रे," म्हणाला. मग म्हणाला, "तू गप्प बस. आकडे मी मराठीत लिहिले, चूक माझी." अहवालातही त्याने तेच लिहिलं. पुढच्या मोहिमेच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. त्यानंतरच्याही नाही.

आणि मी गप्प बसलो. तो म्हणाला म्हणून? नाही. नोकरीला घाबरून. मला त्याची लाज वाटते.

वहिनी, तुम्ही एकदा मला विचारलंत, "ह्यांना परत का नाही हो पाठवलं?" मी म्हणालो, साहेबलोकांचं काही सांगता येत नाही. तुमच्याच घरी बसून, तुमचा चहा पीत म्हणालो.

सोमवारी मी ऑफिसात लेखी देणार आहे. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं. त्याला परत जायचं होतं, वहिनी. फार जायचं होतं. माझ्यामुळे त्याला परत जाता आलं नाही.

आता सदानंदसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्यानंतर ज्यांना माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही, त्यांनी बोलू नये.