अठ्ठ्याहत्तर नंबर

फ्लोरिडातल्या सराव मैदानावर शर्टांच्या रांगेत माझ्यापुढे दोघे अनोळखी गप्पा मारत होते. बेसबॉलचा हंगाम चार दिवसांवर आला होता.

"ब्रॅनिगनचा शर्ट घेताय? थांबा जरा. अजून अठ्ठ्याहत्तर नंबरच आहे त्याला. ज्याला ठेवायचं, त्याला लहान नंबर देतात."

"काल दोन फटके चांगले बसले की त्याचे."

"वळणारा चेंडू आला की चाचपडतो हो. उद्या मुख्य संघाची यादी लागली की परत धाकट्या संघात."

"उद्याच लागते?"

"उद्याच. नंबर बदलला तर घ्या."

"घरी पाच आहेत. दरवर्षी नवा नंबर, साठच्या खाली एकही नाही."

"मग सहावा कशाला?"

"रिकाम्या हातानं गेलो, तर त्याची आई समजेल, काढला त्याला."