मॅडमची केळीतुला का रद्द झाली

सन्माननीय अध्यक्ष अभिमन आबा, व्यासपीठावरील प्राचार्य आणि मान्यवर, तेहतीस वर्षं आपल्याला जीवशास्त्र शिकवून आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती चारुलता मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या सावदेकर भावांनो, अक्कांनो,

मी नीलेश. इथं सावद्यात केळी पिकवण्याचं चेंबर चालवतो. माजी विद्यार्थ्यांतर्फे उभा आहे. बारावीला जीवशास्त्रात मला पस्तीस गुण होते, आणि ते कृपेचे नव्हते, असं मॅडम आत्ता मान हलवून सांगतायत. लिहून आणलेलं भाषण खिशात आहे. पण परवा दुपारी जे घडलं, त्यानंतर ते वाचणं काही जमणार नाही.

आज मॅडमची केळीतुला होणार होती. पत्रिकेतही छापलंय. तराजू आला, केळी आली नाहीत. का, ते तुम्हाला कळायला हवं.

तुलेची केळी माझ्याच चेंबरमध्ये दहा टन मालाबरोबर पिकायला लावली होती. रोज दार उघडून हवा खेळती करायची, असा आमचा नियम. वास जावा म्हणून असेल, असं मी समजायचो. या वेळी दार दीड दिवस बंद राहिलं.

परवा मॅडम चेंबरवर आल्या त्या केळीतुला नको म्हणायला. म्हणाल्या, "नीलेश, माझी तुला रोजच होते. शरीरातल्या पेशी अन्न आणि श्वासातला ऑक्सिजन वापरून एटीपी बनवतात. हात हलवायचा, विचार करायचा, सगळं त्याच्या जोरावर. वापरलं की ते तुटतं, पेशी ते पुन्हा जोडते. दिवसभराची बेरीज केली तर जवळपास माझ्या वजनाइतकं भरेल. पण कुठल्याही क्षणी अंगात असतं मूठभर."

मी हसलो. "मॅडम, आता परीक्षा नाही ना?" आणि त्यांना केळीचा रंग दाखवावा म्हणून हाक मारली, "निंबाभाऊ, एक फणी आणा बरं!" निंबाभाऊ म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे कामगार.

त्यांनी दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि कोसळले. हाक नाही, ओरडणं नाही. उभा माणूस असा पडतो? मी आत धावलो, तर मॅडमनी माझी कॉलर धरली. या बाईंनी तेहतीस वर्षांत एका पोरावर हात उचलला नाही, हो! "आत गेलास तर तूही पडशील!" निंबाभाऊंचे पाय उंबऱ्यालगत होते. बाहेरूनच धरून ओढले. ओठ निळे पडलेले. गाडी येईपर्यंत मॅडम त्यांना तोंडानं श्वास देत होत्या.

मी विचारलं, "मॅडम, पिकवायच्या गॅसनं झालं का?"

"नाही रे. केळीनं."

मंडळी, माझा अजून विश्वास बसत नाही. घड कापला की केळी मेली, असं मी जन्मभर समजत आलो. ती जिवंत असते! तिच्या पेशीही ऑक्सिजन घेऊन एटीपी बनवतात, पिकताना तर झपाट्यानं. दहा टन केळीनं खोलीतला ऑक्सिजन ओढून घेतला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. निंबाभाऊंच्या मेंदूकडचं एटीपी संपत चाललं, नवं बनवायला ऑक्सिजनच नव्हता. केळीच्या घरात जन्मलो मी, आणि मला हे ठाऊक नसावं?

निंबाभाऊ जळगावला दवाखान्यात आहेत. काल डोळे उघडले. बायकोला ओळखलं. मला अजून ओळखत नाहीत.

मॅडम, तुम्ही एक जीव वाचवलात, खरं तर दोन. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? संस्थेचे आभार, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत त्याबद्दल आपले आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, तर ते तुम्ही मोठ्या मनानं पोटात घालाल, ठाऊक आहे मला.

पण निंबाभाऊंच्या पत्नी मंदाबाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. मॅडमना भेटायला दवाखान्यातून आल्यात. अक्का, काल तुम्ही मला विचारलंत, "भाऊ, दार उघडाचं कसं इसरले हे?" मी औषधं आणायच्या निमित्तानं खाली निघून गेलो. ते विसरले नव्हते, अक्का. "भाऊ, उघडू का?" म्हणून त्यांनी दोनदा विचारलं होतं. रंग बिघडेल म्हणून मीच नको म्हणालो. जमलं तर मला माफ करा.