पणजोबांचा फेटा

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण १९१० साली माझे वडील अमेरिकेतल्या कॉलेजात शिकता शिकता आगी विझवत होते."

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या विद्यापीठात स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या नावनोंदणीची रांग होती. पुढच्या आजोबांचं नातीशी चाललेलं मराठी बोलणं कानावर पडलं, तशी मागे उभी असलेली देवयानी दोन पावलं जवळ सरकली.

"आजोबा, मला शिडीची भीती वाटते. घरी जाऊ या ना."

"त्यांनाही वाटायची, गार्गी. पण पोरं बंबाशेजारीच झोपायची. घंटा झाली की लेक्चर सोडून धूम."

"लेक्चर सोडून? भारीच! स्वीट अ‍ॅज."

"एकदा मुलींचं होस्टेल पेटलं. शिडी तोकडी पडली. वडील पाइपावरून वर चढले, डोक्याचा फेटा सोडून खिडकीला बांधला आणि एकेक मुलगी खाली उतरवली. शेवटी प्राध्यापकीणबाई, चांगल्या वजनदार."

"फेटा फाटला?"

"छे, कोल्हापुरी होता. पुढे सरक, रांग हलली."

"मग?"

"मग बाईंनी भर चौकात..."

"आजोबा, परवा तुम्हीच म्हणालात, समुद्राला घाबरून पणजोबा जन्मभर सांगलीतच राहिले."

"म्हणालो असेन."

"थापाडे आहात. पेन द्या इकडे, माझा नंबर आलाय."