अर्ध्या टँकरचं गणित

लातूर नुकताच जिल्हा झाला होता अन् त्यात दुष्काळ. मी कॉलेजात गणित शिकवायचो. एसटी चुकली म्हणून मुरुडकडं निघालेल्या पाण्याच्या टँकरमध्ये बसलो. निम्मं पाणी वाटेत एका वाडीवर उतरवलेलं.

उतारावर ड्रायव्हर शिवाप्पानं ब्रेक दाबला. मी म्हणालो, "एकदम नको. ठेक्यात हलकेच दाबा, सोडा. धक्का लहान, तर परिणाम लहान. गणितच आहे."

"दाबा... सोडा..." मी ठेका धरला. मागं पाणीही त्याच ठेक्यात आदळू लागलं, दर खेपेला जोरात. सहाव्या 'दाबा'ला वरचं झाकण उडालं अन् पाण्याचा लोंढा टपावरून समोरच्या काचेवर.

उतार संपेपर्यंत टाकी जवळपास रिकामी झाली.

मुरुडला घागरींची रांग उभी होती. शिवाप्पानं शांतपणे माझ्याकडं बोट केलं. "हे सर हायत. पाणी कुठं गेलं, ते गणित करून सांगतील."