राखीव गोलकीपर

— बसा की, बसा, बाक काही माझ्या मालकीचं नाही. आज ऊन नाही, पाऊस नाही, नुसता वारा सुटलाय सकाळपासून, मैदानावरची सगळी माती उचलून आपल्या तोंडात घालतोय — तोंड मिटून बसावं माणसानं, पण मला ते जमत नाही. हो, हेच कॉलेजचं मैदान, आणि मुलींच्या फुटबॉलचं सिलेक्शनही इथंच, बरोबर आलात तुम्ही. तो मोबाईल त्या तीन पायांवर उभा करताय, तो पडेल हं वाऱ्यानं. पडला. असू दे, उचला, काच शाबूत आहे. लेक कोणती तुमची — ती लाल बुटांची? शाळेतून यंदाच आली? बूट चांगले आहेत. नाही नाही, टोमणा कसला, तिला खेळताना अजून पाहिलं नाही मी, म्हणून आपलं बुटांचं बोललो.

शाळेत कप्तान होती म्हणता. इथं त्या रांगेत जरा विचारून बघा, प्रत्येक पोरगी कुठल्या ना कुठल्या शाळेची कप्तानच निघेल. माझी नात शाळेत होती तेव्हाची गोष्ट सांगतो. तिचे आई-बाप दोघं कामावर, म्हणून पालकांच्या मीटिंगला मी. मी शाळेत गेलो तो असाच, दुसऱ्यांच्या मीटिंगला, स्वतःसाठी कधी गेलो नाही. तर तिथले खेळाचे सर उभे राहिले आणि म्हणाले, शाळेत शंभर मुलं खेळत असतील तर कॉलेजच्या संघात पोचतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेव्हा अभ्यासाकडेही बघा. मग काय झालं ठाऊक आहे? प्रत्येक बापानं शेजारच्या बापाकडे दयेनं पाहिलं. बिचारा, आता याच्या पोराचं कसं व्हायचं. माझ्या शेजारी औषधांचे दुकानदार होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, दोघांनाही एकमेकांबद्दल फार वाईट वाटलं. त्यांचा मुलगा ना? आहे की, दुकानातच आहे. पूर्वी गोल करायचा, आता गोळ्या देतो. सुखी आहे.

नात माझी ती बघा, तिकडे, पिवळे हातमोजे. दुसरं वर्ष तिचं इथं. मी सुतार हो, जन्मभर दारं-खिडक्या केल्या, मला फुटबॉलातलं काय कळतंय. पण ही लहानपणी अंगणात चेंडू अडवत बसायची तेव्हा मी तिला लाकडाची एक मोठी चौकट करून दिली, पुरुषभर उंच. गल्लीतले विचारायचे, बाबा, दार कधी बसवणार? मी म्हणायचो, ही काय उभी आहे. — हसा, हसा, तेव्हा तेही हसायचे.

आणि मग कॉलेजची निवड झाली, ही घरी आली आणि म्हणाली, आजोबा, मला घेतलं, राखीव गोलकीपर म्हणून. आता राखीव म्हणजे काय? तुम्ही शिकलेले, तुम्हाला माहीत. मला माहीत होतं ते बसमधलं. एकदा कंडक्टरनं उठवलं होतं मला, उठा बाबा, ही सीट राखीव आहे, ज्याची आहे त्यालाच मिळणार. तर मला वाटलं, वा, हिची जागा ठेवून दिली, आता कुणाच्या बापाला तिथं उभं राहता यायचं नाही. गल्लीभर सांगत फिरलो. न्हावी, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा चष्मेवाला, ज्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही धरून सांगितलं — बाकीच्यांना घेतलंय, आमचीला राखीव ठेवलंय. पहिल्या मॅचला कडक इस्त्रीचा सदरा घालून गेलो, न्हाव्यालाही दुकान बंद करायला लावून सोबत नेलं. चौकटीत दुसरीच मुलगी. माझी बाकावर, मांडीवर पाण्याच्या बाटल्या. मला वाटलं, येईल, मालकीण शेवटीच येते. मॅच संपली. मी तडक गेलो सरांकडे, म्हटलं, तिची जागा राखीव असताना दुसरीला दिलीत कशी? — ते सर हसले नाहीत, एवढं खरं. न्हावी हसला. अजून दाढी करताना मधेच त्याला ते आठवून हसू फुटतं, मी गाल सांभाळून बसतो.

पण यंदाचं वेगळं आहे. ती जुनी मुलगी शिकून बाहेर पडली, जागा मोकळी झाली, आणि वर्षभर हिनं — तुमची लेक काय खेळते म्हणालात? पुढं खेळते ना, गोल मारायला?

गोलकीपर.

असं का. नाही, घाम नाही हो, मातीच गेली डोळ्यात. गोलकीपर तर गोलकीपर. मी काय म्हणतो, एवढी उंच पोरगी, तिला पळायला घालायची, पुढं दहा जागा असतात, चौकटीत एकच — घर लांब आहे का तुमचं? रोज यायचं-जायचं म्हणजे फार दगदग हो, अभ्यास राहतो, शाळेतले सर सांगतातच. नाही, घाबरवत नाही मी, मी कशाला घाबरवू, वयानं मोठा म्हणून सांगतो आपला. बरं, राहिलं.

तुमची गेली वाटतं आत. लाल बूटच ना? उभी बरी राहते. अडवला. — हाही अडवला. आता बघा, वारा तिकडून आहे, चेंडू वळणार, ती चुकीच्या खांबाला चिकटलीय, आता जाईल — ही कुठं निघाली माझी? अगं, तू कशाला जातेस तिच्याजवळ? हातानं दाखवतेय तिला, इकडे सरक म्हणून, वारा दाखवतेय. अगं बाई, शिकवतेस काय तिला, तुझी आजी गेली तरी तिचा भाबडेपणा काही जात नाही घरातून. सरकली तुमची. अडवला. बघितलंत? बघितलंत ना, कुणी दाखवलं ते? त्या सरांनी बघितलं का पण? ते कागदात डोकं घालून बसलेत.

शिट्टी. आता सांगतील. माझ्या डोळ्यात पुन्हा माती गेली, तुम्ही सांगा — पिवळे हातमोजे कुठं गेले? चौकटीकडे की बाकाकडे?

बाकाकडे.

आणि तुमची चौकटीत. चांगलं झालं. नाही, खरंच चांगलं झालं, अडवत होती ती, मी पाहिलं की. जा तुम्ही, हाक मारतेय तुम्हाला, फोटो काढा वाऱ्यात पडायच्या आधी. माझ्याकडे काय बघताय, मला त्या दुकानदारासारखा खांद्यावर हात नको. मी बसतो जरा. ती बाटल्या भरून येईल, मग आम्ही जाऊ. गल्लीत काय सांगायचं ते बघू. गेल्या वर्षी त्या पहिल्या मॅचवरून घरी गेलो ना, तेव्हा शेजारच्या शिवणकामवालीला विचारलं होतं मी, तू शिकलेली, तुला ठाऊक होतं राखीव म्हणजे काय, मग मला अडवलं का नाहीस? तिनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगत होता तेव्हा पोरगी तुमच्या मागं उभी राहून मला गप्प बस म्हणून खुणावत होती. नंतर येऊन म्हणाली, आजोबांना सांगू दे मावशी, पुढच्या वर्षी मी ते खरं करते."