पाच नंबरचा थांबा

—मग त्यात संशय कसला आला, मॅडम? स्वच्छ लिहिलंय मी, खाली सहीसुद्धा आहे. 'ऑपरेटर अप्पलराजू याने पहाटेच्या पाळीत मशीनला हात लावला, त्यामुळे इशारा गेला नाही.' एवढंच. घ्या आणि विजयवाड्याची वाट धरा. नाही? अजून बसायचंय? बसा. पण मग माझंही ऐकावं लागेल. बावीस वर्षं या काकिनाड्याच्या किनाऱ्यावर इशारा केंद्र चालवतोय मी – तुमच्यासारखे चौकशीवाले चार येऊन गेले, एकालाही समुद्र कुठल्या बाजूला ते माहीत नव्हतं.

ही स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने लिहून दिलेले हुकूम. पहाटे पाचला अप्पलराजू हिचं नाव टाइप करून एंटर दाबतो, ती लाटांची उंची वाचते, उंची जास्त असली की अठरा गावांतल्या मच्छीमारांना निरोप जातो – आज होडी काढू नका. आपोआप का चालत नाही म्हणता? ते तुमच्याच विभागाला विचारा! सहा पत्रं टाकलीत मी. आणि ही काळी खिडकी दिसतेय ना, ती एकदा बंद केली की पुन्हा उघडायला तुमच्या मुख्य कार्यालयाला फोन करायचा, पाऊण तास 'लाइनवर राहा सार' ऐकायचं. म्हणून मीच चिठ्ठी चिकटवलीय, वाचा – 'खिडकी बंद करू नये.' होय, माझंच अक्षर. पाऊण तासात होड्या कुठल्या कुठे पोचतात, कळतं का तुम्हाला?

सोमवारी दुपारी तीच स्क्रिप्ट दुरुस्त करत होतो. उंचीचा आकडा चुकत होता. मग काय करतात – स्क्रिप्टमध्ये थांबे घालतात, ब्रेकपॉइंट. त्या ओळीवर आली की ती थांबते, आत काय चाललंय ते आपण बघतो, पुढे जा म्हटलं की जाते. काम झालं की थांबे काढायचे. काढायचेच! पोरासोरांना हेच शिकवत आलोय मी. खिडकी बंद केली तर ते आपोआप जातात – पण आपली खिडकी बंद होत नाही, म्हणून हाताने काढायचे, नंबर टाकून. चार घातले, चार काढले. एक, दोन, तीन, चार. मग मंगळवारी पहाटे ती थांबली कशी? कुणीतरी हात लावल्याशिवाय?

काय म्हणाला अप्पलराजू? 'सार, लाल काही आलं नाही.' हेच म्हणणार! पाच ते आठ, तीन तास समोर बसून राहिला तो, स्क्रिप्ट निरोपाच्या ओळीवर येऊन उभी, आणि हा बघतोय. 'पुढे जा'चं एक अक्षर दाबायचं होतं, एक! – नाही दाबलं, कारण मागच्या वर्षी दाबलं होतं तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. 'कीबोर्ड तुझ्या बापाचा आहे का रे? चूक झाल्याची लाल अक्षरं आली तरच मला फोन कर, नाहीतर हात मांडीवर ठेवून बस.' बसला. आठला मी आलो, मी दाबलं, निरोप गेला – होडी काढू नका – तेव्हा किनाऱ्यावर लोक पहाटे होडी घेऊन गेलेल्या गंगय्याला शोधत होते. त्याच्या बायकोच्या फोनवरही गेला तो निरोप. अजून सापडला नाही माणूस. आणि अप्पलराजू गंगय्याच्याच गावचा, त्याला आता तिथे कुणी प्यायला पाणी देत नाही.

असं बघू नका माझ्याकडे. सांगितलं ना, चारही काढले. दोन नंबरचा तर चारही घालून झाल्यावर आधीच एकदा काढला होता, ओळ चुकली होती म्हणून, आणि बरोबर ओळीवर पुन्हा घातला – निरोपाच्या ओळीवर. मग शेवटी एका दमात, एक, दोन, तीन, चार. दोनवर एक लाल ओळ आली, 'असा थांबा नाही' म्हणून. लाल काय, दिवसातून दहादा येतं इथे. मी कुठे लक्ष देतो –

थांबा. बोलू नका.

काढलेला नंबर परत मिळत नाही. नवा घातला की नवा नंबर, चारच्या पुढचा.

ही खिडकी अजून तीच आहे, तुमच्याच हुकुमाने कुणी बंद केली नाही. उरलेल्या थांब्यांची यादी मागायला एक ओळ पुरते. सहा दिवस मी ती मागितली नाही. वेळ नव्हता, मॅडम, फोनवर फोन चालू होते – नव्हता वेळ. बघा, मागतो. तुमच्यासमोर मागतो.

एकच ओळ आलीय. नंबर वाचा. मोठ्याने वाचा ना, कॉलेज शिकलाय तुम्ही.

तो कागद इकडे द्या. द्या म्हणतो ना! – हे नाव खोडलं. इथे माझं लिहितो, पूर्ण लिहितो, वडिलांच्या नावासकट. घ्या. आणि आधी अप्पलराजूच्या गावात जा, हा कागद चार माणसांत वाचून दाखवा, मग तुमचं विजयवाडा. उठा. चहा नाही मिळणार आता. उठा म्हटलं ना.